नोट्समध्ये नसलेली पाच उदाहरणं

मी जहाज पहिल्यांदा पाहिलं ते वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, मुंबईच्या किनाऱ्यावर. त्याच दिवशी, त्याच वाळूत, पोरांना पाठीवर बसवून फिरवणारा एक उंटही पाहिला. दोघांकडे आळीपाळीने बराच वेळ बघितलं. काही म्हणजे काही साम्य दिसलं नाही. पण अठराव्या वर्षी मला सांगण्यात आलं होतं की उंट हे वाळवंटातलं जहाज आहे, याला मेटाफर म्हणतात, आणि मेटाफरला दुसरं उदाहरण लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही एकलहऱ्याचे. बाबा पॉवर हाऊसला कोळसा खात्यात खलाशी, म्हणजे मजूर, आई आसपासच्या मळ्यांत खुरपणीला जाणारी. पाच भावंडांत मी थोरली. कॉलेज गंगापूर रोडला. सकाळी एक बस पकडून नाशिकरोड, तिथून दुसरी. दुसरी चुकली की पहिला तास बुडाला म्हणून समजायचं. आणि पहिला तास नेमका इंग्रजीचा असायचा.

इंग्रजीच का, असं मला तेव्हा सगळे विचारायचे. हौस म्हणून नाही बाबांनो, राग म्हणून. बाबांच्या हातात कामावरून कधी इंग्रजी कागद पडला, की तो वाचून घ्यायला ते पॉवर हाऊसच्या कॉलनीतल्या एका क्लार्ककडे जायचे. मी लहानपणी बोट धरून बरोबर जायची. क्लार्क आरामात चहा पिऊन घ्यायचा, मग कागद वाचायचा, आणि बाबा तोवर दारात उभे. उभेच. एकदा ओळखीचा म्हणून तरी ‘बसा’ म्हणावं की नाही माणसानं? तेव्हाच ठरवलं होतं, ही भाषा मी अशी शिकेन की आमच्या घरातलं कुणी कुणाच्या दारात उभं राहणार नाही. त्यासाठी दुसऱ्या वर्षाला स्पेशल इंग्रजी मिळायला हवं होतं. ते मिळालं तरच पुढे इंग्रजीची मास्तरीण होता येणार होतं. मला दुसरं काहीच नको होतं.

आता आमचे सर. ते वर्गात यायचे, खुर्ची झटकायचे, पिवळी पडलेली वही उघडायचे आणि सांगायला लागायचे. ‘लिहा. सिमिली. व्याख्या. स्वल्पविराम.’ आम्ही लिहायचो. पोरं ‘स्वल्पविराम’ हा शब्दसुद्धा लिहून मोकळी व्हायची. एक फिगर, म्हणजे अलंकार, एक व्याख्या, एक उदाहरण. मेटाफर म्हणजे उंट. सिमिली म्हणजे सिंहासारखा शूर शिपाई. पर्सॉनिफिकेशन म्हणजे मृत्यू येऊन राजाच्या दारावर थाप मारतो. पंधरा वर्षं तीच वही, तोच उंट, आणि थाप मारून मारून मृत्यूचा हातसुद्धा दुखला असेल. पण कॉलेजात रीतच ती होती. नोट्समधलं जसंच्या तसं पेपरात उतरवायचं, म्हणजे हुशार.

फेब्रुवारीत चाचणी परीक्षा झाली. प्रश्न होता, कुठल्याही पाच फिगर्सच्या व्याख्या लिहून प्रत्येकी एक उदाहरण द्या, वीस मार्क. व्याख्या मला पाठ होत्या. पण उदाहरणं सरांनी सांगितली ते दोन्ही दिवस माझी दुसरी बस चुकली होती. उंट आणि मृत्यू तेवढे कानावर होते, कारण पोरी ते पाठ करत कॉलेजात फिरायच्या. बाकीचं काय लिहायचं? पेन चावत बसले. मग व्याख्या पुन्हा वाचली आणि एकदम डोक्यात आलं, अगं, हे तर आई रोज बोलते! मग उंटालाही रजा दिली. पाचही उदाहरणं आईची घेतली, इंग्रजीत केली आणि लिहून टाकली.

सिमिलीला लिहिलं: माहेरची आठवण दातात अडकलेल्या फोलपटासारखी असते, निघतही नाही आणि स्वस्थ बसूही देत नाही. हायपरबोलीला, म्हणजे अतिशयोक्तीला: तुझी वाट बघून बघून उंबरा झिजला. सिनेक्डकी म्हणजे एका भागावरून अख्खी वस्तू सांगणं, तिथे लिहिलं: आमच्या घरात खाणारी तोंडं सात आणि कमावणारे हात चार. ट्रान्सफर्ड एपिथेट म्हणजे माणसाचं विशेषण वस्तूला चिकटवणं, तिथे: काल आमची चूल उपाशी झोपली. आणि पर्सॉनिफिकेशनला आमच्या वस्तीमागची वीटभट्टी घातली. लिहिलं की आमच्या घरामागची ती उंच भट्टी दिवसभर उभ्याने विडी ओढत असते आणि तिच्या त्या विडीमुळे खोकला मात्र आमच्या घरातल्या माणसांना होतो. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

मंगळवारी पेपर मिळाले. माझ्या पाचही उदाहरणांवर लाल रेघ होती. शेजारी वीसपैकी शून्य, आणि खाली एकच प्रश्न, कोणत्या पुस्तकातून? तास संपल्यावर सरांनी मला टेबलाशी बोलावलं. खरं सांगते, ते रागावलेले नव्हते. उलट जरा खुशीतच होते.

‘उदाहरणं उत्तम आहेत,’ ते म्हणाले. ‘कुठल्या संग्रहातली? परदेशी लोककथांचा आहे का काही?’

‘नाही सर. माझ्या आईची आहेत.’

सरांनी चष्मा काढला. ‘राहायला कुठे?’

‘एकलहरे.’

‘वडील?’

‘पॉवर हाऊसला. कोळशावर.’

आडनाव पेपरावर होतंच. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, ‘हं.’ तो ‘हं’ मला चांगला ओळखीचा होता. शाळेत, रेशनच्या दुकानात, डॉक्टरांकडे, आमच्या आडनावानंतर तो ठरलेला यायचा. त्याला इंग्रजीत कुठली फिगर म्हणतात ते सरांच्या वहीत नव्हतं.

मग ते अगदी समजुतीच्या सुरात बोलले. ‘हे बघ, अवांतर वाचन केलंस, चांगलंच आहे. पण ज्याचं त्याला श्रेय द्यावं. एका कागदावर लिहून दे, की ही उदाहरणं मी अमुक पुस्तकातून घेतली, नाव द्यायचं राहिलं, क्षमा असावी. मी पंधरा मार्क देतो. स्पेशलच्या फॉर्मवर शिफारसही करतो. नाहीतर ही कॉपी ठरते, आणि कॉपी करणाऱ्या मुलीची शिफारस मी करू शकत नाही. शनिवारपर्यंत आणून दे.’

आलं का लक्षात? तेच वाक्य पुस्तकातलं असलं तर उत्तम, वीसपैकी पंधरा. आईच्या तोंडचं असलं तर चोरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

वर्गातली एक मैत्रीण गंगापूर रोडलाच राहायची, भली मुलगी. ती म्हणाली, ‘अगं वेडे, टाक कुठलंतरी नाव! लायब्ररीत धूळ खात पडलेलं जाडजूड पुस्तक बघ आणि लिही. ते थोडेच उघडून बघणार आहेत?’ घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. घास हातात तसाच धरून म्हणाले, ‘नाव टाकून मोकळी हो. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?’

‘बाबा, ते आईचं बोलणं आहे.’

‘असू दे की. तिचं काय जातंय? ती काय त्याच्यावर हक्क सांगाया येतीय?’

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ‘माझं कंचं बोलनं?’

मी पेपर काढून एकेक वाक्य तिला मराठीत सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. कसली खूश! तिच्या चेहऱ्यावर लाज पसरली, अशी की मी आजवर पाहिली नव्हती. ‘ह्ये लिवलंस? चुलीफुडचं बोलनं कालेजच्या पेपरात? अन् चूल उपाशी झोपली ते बी सांगितलंस त्या साहेबाला? आगं, घरातली झाकली मूठ तू चव्हाट्यावर उघडलीस की गं! आमी अडाणी, आमचं बोलनं अडाणी. त्यापरीस जे सांगितलं ते लिवायचं ना, समदी पोरं लिवत्यात तसं.’

‘समदी पोरं उंट लिहितात आई!’ मी ओरडलेच. ‘उंट म्हणजे वाळवंटातलं जहाज!’

‘तू पाह्यलास उंट?’

‘नाही.’

‘जहाज?’

‘नाही.’

‘अन् तुज्या साहेबानं?’

‘मला नाही वाटत.’

आईने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग पाठमोरीच म्हणाली, ‘अन् ती रेघ कशाची म्हनलीस? लाल?’

‘खोटं ठरवल्याची. ते म्हणतात हे कुणा पुस्तकवाल्याचं आहे, मी चोरलंय.’

‘फोलपटाचं बी?’

‘ते पण.’

आई गर्रकन वळली. ‘ते माझ्या आईचं हाय,’ ती म्हणाली. ‘नांदगावहून मला इकडं दिली तवा येशीवर म्हनली होती ती. कंच्या पुस्तकवाल्यानं आयकलं ते? कवा?’

शनिवारी आई खुरपणीला गेली नाही. विहारात जायचं पांढरं लुगडं नेसली आणि माझ्यासोबत बसमध्ये बसली. कॉलेज तिने बाहेरूनही कधी पाहिलेलं नव्हतं. बसमध्ये ती सारखी म्हणत होती, ‘सांगते त्येला. चांगलं सांगते.’ फाटकातून आत शिरल्यावर तिचं बोलणं कमी झालं. जिना चढताना पार बंद झालं. प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात तिने चपला काढून ठेवल्या, मी नको नको म्हणत असताना.

आत आमचे सर होते, आणि खिडकीशी विभागप्रमुख बाई पेपर तपासत बसलेल्या. सरांनी शिफारस करायची आणि बाईंनी सही करायची, अशी पद्धत होती. बाई साठीला टेकलेल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘सर, ही माझी आई. उदाहरणं हिची आहेत,’ मी म्हणाले. ‘तुम्ही विचारा.’

सर गडबडले. पुस्तक येईल असं त्यांना वाटलं होतं, आली आई. पण सावरून आईला म्हणाले, ‘बाई, पेपरात लिहिलंय तसं तुम्ही घरी बोलता का?’

आणि आईने मान हलवली. ‘नाय साहेब. मी कशाला बोलू? मला कुटं बोलता येतंय?’

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. चार दिवस मी हिच्यासाठी भांडतेय, दोन बस बदलून आणलं, आणि ही ‘नाय’ म्हणते! घाबरली होती बिचारी. साहेबाने विचारलं की आधी ‘नाय’ म्हणायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. पण त्या क्षणी मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू.

सर माझ्याकडे वळले. ‘मग पोरगी खोटं बोलते तर.’

आईने एकदम मान वर केली. ‘पोरगी खोटं नाय बोलत साहेब. पोरगी आरसा हाय माजी. म्होरं जे असंल तेच दावती.’

मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ ऐकेना. ‘मेटाफर,’ मी म्हणाले.

‘आमी अडाणी मानसं,’ आईचं सुरूच. ‘अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेवानी दिसत्यात. दिसत्यात, पन कुटं चालल्यात ते कळत नाय.’

‘सिमिली, सर.’

‘आता तुमच्या म्होरं तर जीभ टाळ्याला जाऊन दडलीय, भिऊन भाईरच येत नाय.’

‘पर्सॉनिफिकेशन.’

‘दगडाला घाम फुटंल साहेब, पन माज्या तोंडातून शबुद फुटायचा नाय.’

‘हायपरबोली!’

‘तू गप बस गं!’ आई माझ्यावर उखडली. ‘मोठी मानसं बोलत्यात ना? मदी मदी कोंबडीवानी टोचतीस कशाला?’

‘ही पण सिमिलीच, सर.’

खिडकीकडून हसू फुटलं. विभागप्रमुख बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मग त्या उठल्या, आईसाठी स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, ‘बसा हो आई. त्या मुंग्यांचं काय म्हणालात? पुन्हा सांगा.’ आणि हातात पेन घेतलं. आई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. बाबांना त्या क्लार्कने इतक्या वर्षांत एकदाही न दिलेली खुर्ची ती होती, हे मला बघता बघता कळलं, आणि माझे डोळे भरून आले. यावेळी लपवले नाहीत.

सर मात्र ताठ उभे होते. ‘हे बोलणं झालं, मॅडम. साहित्य नव्हे,’ ते म्हणाले. ‘आणि उगमाचा कागद मी मागितलाय. तो लागेलच.’

‘मग लिहू दे की तिला,’ बाई म्हणाल्या. ‘जो उगम असेल तो.’

मी कोरा कागद घेतला. इंग्रजीत लिहिलं, की ही उदाहरणं कुठल्याही पुस्तकातली नाहीत. ती माझ्या आईची आहेत, त्यातलं एक तिच्या आईचं आहे. पुढे आईचं पूर्ण नाव लिहिलं. क्षमा असावी हे लिहिलं नाही. सरांनी ते दोनदा शोधलं, मी बघत होते. बाईंनी कागद आईपुढे सरकवला. वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बायकांना सही शिकवायचे, तिथे आई वर्षभर गेली होती. तिने पेन मुठीत धरलं, जीभ दातात धरली आणि खाली आपलं नाव काढलं. शेवटच्या अक्षराची वेलांटी कागदाबाहेर जाता जाता राहिली.

बाईंनी माझ्या फॉर्मवर सही केली. सरांच्या शिफारशीच्या जागी काय झालं ते मी पाहिलं नाही, पण फॉर्म मंजूर झाला. ‘मार्क बदलणार नाहीत,’ सर म्हणाले. ‘नोट्समधलं उदाहरण नाही, त्याला मार्क नाही.’

‘नकोत, सर,’ मी म्हणाले. ते शून्य अजून माझ्याकडे आहे. पुढे मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं आणि एका वर्गालाही नोट्स सांगितल्या नाहीत. पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची, घरून पाच वाक्यं आणा, उंट आणाल तर बाहेर काढीन.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी परतीच्या बसमध्ये आईने पेपर मांडीवर घेतला आणि म्हणाली, ‘आता वाच. येक येक. काय काय लिवलंयस माजं ते कळू दे तरी.’ मी वाचत गेले, इंग्रजीतून पुन्हा मराठी करत. फोलपटाला तिने मान डोलावली. उंबऱ्याला डोलावली. तोंडं आणि हात बरोबर. चुलीला पदर सारखा केला, पण हरकत घेतली नाही. मग मी भट्टीचं वाचलं, माझं लाडकं. आमच्या घरामागची ती उंच भट्टी दिवसभर उभ्याने विडी ओढत असते आणि तिच्या त्या विडीमुळे खोकला मात्र...

‘थांब,’ आई म्हणाली. ‘ह्ये मी नाय म्हनलं.’

‘म्हणालीस की. मागच्या थंडीत, धाकटा खोकत होता तेव्हा.’

‘आसं नाय म्हनलं. येवढं लांबण मी कशाला लावू? विडी तिची, खोकला आमचा. येवढंच म्हनलं होतं.’

मी कागदावरच्या माझ्या वाक्याकडे बघितलं. दीड ओळीचं होतं. मी मनातल्या मनात तिचं म्हणून पाहिलं, मग माझं. सरांची लाल रेघ इतर चार वाक्यांवर अन्यायाची होती, पण या एकावर कुणीतरी रेघ मारायलाच हवी होती.

‘चुकलं गं आई,’ मी म्हणाले. ‘माफ कर.’

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘फुडच्या वेळी लिवायच्या आदी मला इचारत जा.’